फुलहॅमचं घर आणि केडगावचं कृपासदन

परदेशात जाऊन पीडित स्त्रियांची सेवा करणाऱ्यांचा खरा हेतू धर्मांतराचाच असतो, असं मत अनेकदा मांडलं जातं; ते सरसकट पटत नाही. शंका रास्त आहे; पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावरूनही, म्हणजे त्यांनी विधवांसाठी काढलेल्या आश्रमशाळेवरूनही, पुण्यात हाच वाद पेटला होता. पण १८८३ मध्ये इंग्लंडला गेलेल्या रमाबाईंनी लंडनच्या फुलहॅममध्ये वाँटेजच्या सिस्टरांचं (इंग्लंडमधल्या ख्रिस्ती जोगिणींचं) घर पाहिलं, ते या वादात सहसा कुणी सांगत नाही. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत. आपल्याकडे अशा बाईला कोण दारात उभं करत होतं? रमाबाई आतून हलल्या.

पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या ‘मुक्ती’ या आपल्या आश्रमात अशाच स्त्रियांसाठी त्यांनी कृपासदन काढलं. बायकांना विणकाम, छपाई शिकवली. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात, मुक्तीतल्या बायकांच्या हातून छापलं गेलं.