नियमित बचत आपण नेमकी कशासाठी करता?

धरणगावकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी धरणगाव तालुक्यातला असून जळगावजवळच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) हिशेबाचे काम करतो. पगार २४,००० रुपये आहे. घरी आई-वडील, पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी असून वडील चार एकर कोरडवाहू कपाशी करतात. गेल्या पाच वर्षांत मी बँकेत तीन वेळा आवर्ती ठेव (दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची, म्हणजे आरडी) सुरू केली आणि तिन्ही वेळा ती मुदतीआधी मोडली. एकदा मोबाइलसाठी, एकदा चुलतभावाच्या लग्नातल्या आहेरासाठी, आणि तिसऱ्यांदा कशासाठी मोडली हे आता आठवतही नाही. हीच गोष्ट मला सर्वांत जास्त लागली आहे.

"भविष्यासाठी" असे कारण मी स्वतःला देत असे, पण समोर खर्च उभा राहिला की ते कारण तग धरत नसे. माझ्या आईने कधी बँकेची पायरी चढली नाही. ती कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पाकिटात नोटा घडी करून ठेवायची, ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून ते पाकीट दाण्यांच्या तळाशी दाबायची आणि वर म्हणायची, "हातमा पैसा टिकस नही." तिचे पाकीट वर्षानुवर्षे टिकले आणि माझी खाती टिकली नाहीत. म्हणून विचारतो: आपण दर महिन्याला किंवा दर हंगामाला पैसे बाजूला टाकता ते कोणत्या कारणासाठी, आणि ते कारण इतकी वर्षे कसे टिकून राहिले? मला योजनांची यादी नको आहे, आपले उद्देश जाणून घ्यायचे आहेत.

केळीबाग, यावल

धरणगावकर भाऊ, आपला पगार महिन्याला येतो, आमचा पैसा कापणीला येतो. मृगबाग, म्हणजे मृग नक्षत्राच्या सुमारास केळी, लावली की घड हाती यायला वर्षभर तरी जाते, आणि त्या वर्षभर घर चालवायचे, खत-पाण्याचा खर्च करायचा, सालदाराचे पैसे चुकते करायचे. मग दोन-तीन महिन्यांत कापणीच्या चार-सहा फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीला एकदम मोठी रक्कम हातात पडते. पैसा आला त्या आठवड्यात शेतकरी सर्वांत श्रीमंत असतो आणि त्याच आठवड्यात त्याच्याकडून सर्वांत जास्त चुका होतात. मी स्वतः त्या केल्या आहेत. एका वर्षी चांगला भाव मिळाला म्हणून ट्रॅक्टरची जुनी ट्रॉली विकून नवी घेतली, आणि पुढच्याच मे महिन्यात वादळाने सुमारे ३,००० खोडे घडांसकट आडवी केली. सकाळी बागेत गेलो तेव्हा पाय ठेवायलाही जागा नव्हती, पाने एकमेकांवर पडून सगळी सरी झाकली गेली होती. विम्याचे पैसे यायला वेळ लागतो आणि पिलबागेला (जुन्या खोडांच्या पिलांवर धरलेल्या पुढच्या पिकाला) खत मात्र लगेच द्यावे लागते, म्हणून व्यापाऱ्याकडून मालापोटी आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेतली. उचल घेतलेल्या माणसाला पुढच्या हंगामात भावाची घासाघीस करता येत नाही, तो देईल त्या भावाला माल द्यावा लागतो.

माझे बचतीचे कारण त्या वर्षी ठरले: व्यापाऱ्यासमोर मोकळ्या हाताने उभे राहता आले पाहिजे. आमचा घरखर्च महिन्याला १५,००० धरला तर वर्षाचे १,८०,००० होतात, आणि एवढी रक्कम पुढचा माल निघेपर्यंत वेगळी असली पाहिजे असे मी व पत्नीने ठरवले. कापणीची पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाची पावती) हातात आली की त्याच दिवशी पाचवा हिस्सा पत्नीच्या नावावरच्या खात्यात जातो. दुसऱ्या दिवसावर ढकलला तर तो जात नाही, हा अनुभव आहे. पूर्ण रक्कम जमायला मला चार हंगाम लागले.

दुसरे कारण लहान वाटेल, पण कागदावर मांडून पाहावे. केंद्राच्या व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळते आणि ते मुदतीत फेडले तर आणखी ३ टक्क्यांची सूट मिळते. २ लाखांच्या कर्जावर ही सूट वर्षाला ६,००० रुपये होते. माल विकला गेलेला नसतानाही मुदतीत भरणा करता यावा एवढी शिल्लक असेल तरच ती पदरात पडते, म्हणजे बचत केल्याचे व्याज बँकेबरोबरच कर्जाच्या बाजूनेही मिळते. गावात हे फार थोडे लोक मोजतात.

गटाची सचिव, शिरपूर तालुका

मी आठ वर्षांपासून बारा बायकांच्या बचत गटाचा हिशेब लिहिते. दर महिन्याच्या १० तारखेला बैठक असते. पूर्वी ५० रुपये जमा होत, आता १०० होतात. बचत गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम नाबार्ड या राष्ट्रीय ग्रामीण विकास बँकेने १९९२ मध्ये सुरू केला, पण आमच्या गावात तो पोहोचायला बराच काळ गेला. दादांनी उद्देश विचारले आहेत म्हणून बैठकीत मी प्रत्येकीला विचारले आणि उत्तरे लिहून घेतली.

जूनमध्ये गणवेश व दप्तर, धुळ्याच्या दवाखान्यात जावे लागले तर गाडीभाडे, लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी करायचे म्हणून, शेळी घ्यायची म्हणून. बारापैकी पाच जणींनी मात्र जवळजवळ एकच गोष्ट सांगितली की कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून आम्ही पैसे टाकतो, आणि त्या "कुणापुढे" या शब्दात सावकार जसा येतो तसा नवराही येतो. हे मी लिहिते आहे कारण पुरुष मंडळी बचतीचा विचार करताना ही बाजू सहसा धरत नाहीत. आमची एक सदस्य निंदणीला मजुरीने जाते. तिचे मंगळसूत्र दोन वर्षे गहाण होते आणि त्यावर महिन्याला शेकडा पाच रुपये व्याज चालू होते. गटातून महिन्याला शेकडा दोन रुपयांनी ८,००० रुपये उचलून तिने ते सोडवले. ज्या दिवशी ती ते घालून बैठकीला आली त्या दिवशी तिने पदर मुद्दाम बाजूला घेतला होता, आणि आम्ही सगळ्या जणी काही न बोलता तिच्याकडे पाहत होतो. गटाला दिलेले दोन टक्के पुन्हा गटाच्याच पेटीत, म्हणजे तिच्याही वाट्याला येतात, हे तिला त्या दिवशी पुरते समजले.

दादा, आपली खाती मोडली याचे एक कारण मला असे दिसते की ती मोडताना आपल्याला कुणी पाहत नव्हते. आमच्याकडे हप्ता चुकला तर अकरा जणी कारण विचारतात. अर्थात वहीत नोंदी वेळेवर न झाल्यामुळे फुटलेले गटही मी शेजारच्या गावांत पाहिले आहेत, त्यामुळे माणसांवरचा विश्वास आणि लेखी हिशेब दोन्ही लागतात.

निवृत्त लिपिक, धुळे

उद्देशाबरोबर जागाही पाहावी, एवढेच मला सांगायचे आहे. मी दोन मुलींच्या शिक्षणासाठी अकरा वर्षे एका पतसंस्थेत ठेव ठेवली, कारण तिथे बँकेपेक्षा दीड टक्का व्याज जास्त होते. संस्था अडचणीत आली आणि थोरल्या मुलीच्या प्रवेशाच्या वर्षी मला त्यातला एक रुपयाही काढता आला नाही. बँकेतील ठेवींना, सहकारी बँकाही त्यात आल्या, फेब्रुवारी २०२० पासून व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवींना ते नाही. हा फरक मला नोकरीत असताना कळला असता तर थोरलीला एक वर्ष घरी बसावे लागले नसते.

जळगाव सोन्याची पेठ असल्यामुळे आपल्याकडे सराफाच्या मासिक योजनेतही अनेक जण पैसे भरतात. दागिनाच घ्यायचा असेल तर ते समजण्यासारखे आहे, पण तो पैसा बँकेतली ठेव नव्हे. ज्या कामाची तारीख ठरलेली आहे, म्हणजे फी, लग्न, शस्त्रक्रिया, त्याचा पैसा जादा व्याजाच्या मागे नेऊ नये.

आणि जिभाऊ, आपल्याला वारंवार खाते मोडावेसे वाटत असेल तर टपाल खात्याची आवर्ती ठेव पाहावी. ती पाच वर्षांची असते, महिन्याला किमान १०० रुपये भरावे लागतात आणि तीन वर्षे होण्याआधी ती बंद करता येत नाही. मात्र बारा हप्ते नियमित भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते, त्यामुळे खरी अडचण आली तरी माणूस अडकून पडत नाही.

धरणगावकर

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी स्वतःचे नुकसान उघडपणे सांगितले, त्याबद्दल विशेष.

हे सर्व वाचून मी काल रात्री आईला पहिल्यांदाच विचारले की ते पाकीट कशासाठी होते. ती म्हणाली की आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माझ्या दोन्ही बहिणी माहेरी येत, आणि पीक बुडाले त्या वर्षीही त्या साडी-चोळीशिवाय परत जाऊ नयेत म्हणून ते होते. वडिलांना ठाऊक होते, पण त्यांनी कधी कोठीत हात घातला नाही. वर्षातला एक ठरलेला दिवस आणि दोन ठरलेली माणसे समोर असल्यामुळे तिला ते मोडावेसे वाटले नाही, आणि माझ्या खात्यांच्या पुढे ना दिवस होता, ना माणूस.

पत्नीशी बोलून दोन गोष्टी ठरवल्या आहेत. मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते उघडून महिन्याला १,००० रुपये भरायचे. भरणा पंधरा वर्षे करायचा असतो आणि दहावीनंतर किंवा अठराव्या वर्षानंतर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते, म्हणजे तिच्या कॉलेजची वेळ त्यात नेमकी बसते. दुसरी टपालातली १,५०० रुपयांची आवर्ती ठेव वडिलांसाठी आहे. पाच वर्षांनी ते सत्तरीत पोहोचतील, आणि तेव्हा पाऊस हुकला म्हणून त्यांना बियाण्यासाठी उधारीवर जावे लागू नये, एवढाच तिचा उद्देश आहे. पगार ५ तारखेला होतो, म्हणून दोन्हींचा भरणा ७ तारखेला करणार आहे. गटाच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे मोडताना कुणीतरी पाहणारे असावे म्हणून दोन्ही पासबुके आईच्या ताब्यात राहतील. तिने ती कोठीत ठेवू का असे विचारले आहे.