चोपड्यातून (जि. जळगाव) रेडिओवर उल्का ऐकायच्या, स्टेशन कोणतं धरू?

तापीकाठ: राम राम मंडळी. आरटीएल-एसडीआर व्ही३ (लॅपटॉपला लावायचं रेडिओ डोंगल) आणि साधा डायपोल (दोन पायांचा अँटेना) आहे. उल्का ऐकायला युरोपात वापरतात त्या फ्रान्सच्या ग्रेव्हज रडारची १४३.०५० मेगाहर्ट्झ लावली तर नुसती खरखर. अँटेना चुकतोय का? आणि आयएसएसवरून (अंतराळ स्थानकावरून) परतलेला सिग्नलही ऐकू येईल का?

धाब्यावरचा_तार: अँटेना नाही, स्टेशन चुकलंय. उल्का ८० ते ११० किमी उंचीवर पेटते आणि मागे रेघ सोडते; दूरच्या स्टेशनचा सिग्नल तिच्यावर आपटून आपल्याकडे येतो. ती रेघ स्टेशनला आणि तुम्हाला, दोघांनाही दिसायला हवी. म्हणून पल्ला फार तर २००० किमी. ग्रेव्हज त्याच्या तिपटीहून लांब.

दूरचं दमदार एफएम घ्या. दिल्लीचं १०२.६ सुमारे साडेआठशे किमीवर आहे. आधी दुपारी बघा, त्या जागी खरखरच हवी. जवळचं स्टेशन डोकावत असेल तर दुसरी फ्रिक्वेन्सी शोधा.

डायपोलचा प्रत्येक पाय ६९.५ सेंमी, आडवा, पूर्व-पश्चिम ताणलेला. डिशची आरजी-६ केबल चालते. उंची जमिनीपासून ४ मीटर, म्हणजे धाब्यावर एक मीटरचा पाइप पुरे. तेवढ्यावर अँटेनाचा जोर क्षितिजापासून १०-११ अंश वर जातो आणि उल्का तिथेच हव्यात. सातपुड्याला अगदी खेटून असाल तरच डोंगर आडवा येईल.

डब्ल्यूएफएम (एफएम स्टेशनांचा) मोड, स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) बंद, स्टिरिओ बंद. ग्रेव्हजसारखा 'टुंग' येणार नाही; खरखरीत मधेच अर्धा शब्द किंवा गाण्याचा तुकडा उमटतो.

आयएसएसचा परावर्तित सिग्नल या डायपोलवर विसरा. तिथलं हौशी रेडिओचं प्रसारण सुरू असेल तेव्हा १४५.८०० वर थेट ऐका.

खरखर_मोजणारा: एजीसी (आपोआप गेन बदलणारी सोय) बंद ठेवा, गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) हाताने लावा. गावातलं एफएम डोंगलला दाबून टाकतं आणि भलत्याच ठिकाणी त्याची भुतं दिसतात. गेन एक पायरी उतरवला आणि सिग्नल त्याहून जास्त पडला, तर ते भूतच. एफएम फिल्टर मात्र लावू नका, आपल्याला तोच पट्टा हवाय! लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर फार कचरा करतो. रेकॉर्डिंग फक्त ऑडिओचं, आयक्यू (कच्चा रेडिओ सिग्नल) २.४ एमएसपीएसने, म्हणजे सेकंदाला २४ लाख नमुन्यांनी, घेतलं तर तासाला १७ जीबी.

जेमिनिड्स उल्कावर्षावाला (१३-१४ डिसेंबर) रात्री दोनच्या सुमारास उगम (उल्का जिथून निघाल्यासारख्या दिसतात ती आकाशातली जागा) जवळपास डोक्यावर येतो. डोळ्यांना तेव्हाच सर्वाधिक दिसतात, रेडिओवर मात्र आकडा उतरतो, कारण उभ्या रेघेवरून सिग्नल आपल्याकडे वळत नाही. साडेदहा-अकरा आणि पहाटे पाच-सहा या वेळा धरा.

तापीकाठ: सकाळी साडेसहाला एक गुजराती स्टेशन दहा मिनिटं हळूहळू चढत-उतरत होतं. ते मोजू?

खरखर_मोजणारा: नाही भो. हिवाळ्यात तापीच्या खोऱ्यात खाली थंड, वर उबदार हवा बसली की लांबची स्टेशनं अशी सरकत येतात. उल्केचा सिग्नल झटक्यात उठतो आणि बहुतेकदा सेकंदभरात विझतो. विमानाचाही फसवतो, पण तो फडफडत दहा-वीस सेकंद टिकतो.