सांडपाण्यातलं फॉस्फेट: फेरिकचा बेड की तुरटीच बरी?

गोदाकाठ
संभाजीनगरची खाम नदी नाथसागराला (जायकवाडी धरणाला) मिळते, आणि आपण नुसतं जलपर्णीच्या नावानं ओरडतो. तिचा खुराक फॉस्फेट. एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून, निघणाऱ्या पाण्यात लिटरला 3 मिग्रॅ फॉस्फरस धरा. माझं मत: दाणेदार फेरिक हायड्रॉक्साईडचा (लोहाच्या गंजासारख्या संयुगाचा) बेड, म्हणजे पाणी गाळून जाईल असा दाण्यांचा थर, बसवा. फॉस्फेट लोहावरच्या हायड्रॉक्सिलची जागा घेऊन पक्कं बसतं, रोजचा गाळ नाही. बेड भरला की 4 टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणानं धुवा. त्या धुवणात चुना टाकला की कॅल्शियम फॉस्फेट तळाला बसतं.

काळी_रेगड
आधी हिशोब मांडा. 1 एमएलडी (रोज दहा लाख लिटर) पाणी 3 वरून 0.5 वर आणायचं, म्हणजे रोज अडीच किलो फॉस्फरस. 10 मिनिटं संपर्क द्यायला 7 घनमीटर बेड, वजन 8 टनांच्या वर. किलोभर मालानं 5 ग्रॅम फॉस्फरस धरला तरी 17 दिवसांत बेड संपला. दर पंधरवड्याला 8 टन माल कॉस्टिकनं धुणार कोण? त्यापेक्षा पाण्यात तुरटी टाकून फॉस्फेट गाळात बसवा: ती रासायनिक सूत्राप्रमाणे किलो फॉस्फरसला 9.6 किलो लागते, प्रत्यक्षात दुप्पट धरा. रोज एक 50 किलोची गोणी. ऑपरेटरला झेपतं.

गोदाकाठ
5 ग्रॅम कुठून आणले? विक्रेते 15 सांगतात.

काळी_रेगड
ते 15 फॉस्फेटचे. फॉस्फरसमध्ये आणायला 3.06 नं भागा, 4.9 येतात. निविदेत हे एकक न लिहिल्यानं बेड तिपटीनं छोटा निघतो.

मांजरा_पाणी
दोघंही पीएच विसरलात. बेसाल्टातलं आपलं पाणी 8 च्या पुढं. फेरिक हायड्रॉक्साईडच्या पृष्ठभागावरचा विद्युतभार 8 पीएचच्या आसपास शून्य होतो, त्याच्या वर ऋण, फॉस्फेटही ऋणच, म्हणून ते ढकललं जातं. 6 पीएचला मोजलेली क्षमता इथं मिळत नसते. शिवाय पाण्यातले बायकार्बोनेट आणि सिलिका जागा अडवतात. आणि आधी वाळूचा फिल्टर नसेल तर बेड चोंदलाच म्हणून समजा.

गोदाकाठ
पीएच मान्य. पण तुरटीनं 0.5 च्या खाली जायला मात्रा भरमसाठ वाढते, आणि शेवाळाला 0.1 सुद्धा पुरतं. तुरटीनं 0.5 पर्यंत आणा, पुढं बेड. 0.5 वरून 0.05 म्हणजे रोज 0.45 किलो. तोच बेड तीन महिने जाईल. तुरटी पीएचही थोडा खाली ओढते, हा वरचा फायदा.

काळी_रेगड
तरी माल महागच. जलशुद्धीकरण केंद्रातला तुरटीचा गाळ का नको? त्यातलं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साईड फॉस्फेट धरतं. वाळवा, कुटा, 0.6 ते 2 मिमीची चाळण लावा.

मांजरा_पाणी
त्याचे दाणे पाण्यात भुगा होतात, दाब चढतो. छोट्या ओढ्यावर चालेल, 1 एमएलडीला नको. आणि तळ्यात थेट लोह टाकायचा विचार कुणी करू नका: तळाशी ऑक्सिजन संपला की फेरिकचं फेरस होतं आणि धरलेलं फॉस्फेट सुटतं. तिथं लॅन्थॅनम (फॉस्फेट पक्कं धरणारा धातू) मिसळलेली बेंटोनाईट माती लागते.
बेड धुतल्यावर मात्र साध्या पाण्यानं पीएच 8.5 खाली येईपर्यंत खंगाळा. ते पाणी टाकीत घेऊन आम्लानं उदासीन करा, थेट नाल्यात सोडलं तर 12 पीएचचं पाणी खाममध्ये जाईल.