मदत हवी आहे : मेंदूच्या दुखापतीनंतरचा न दिसणारा त्रास

नमस्कार. दीड वर्षापूर्वी दुचाकीच्या अपघातात माझ्या यजमानांच्या मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागला. आता चालणे-बोलणे पूर्ववत झाल्याने नातेवाइकांना ते ठणठणीत वाटतात. प्रत्यक्षात तासभर हिशेब पाहिला तरी ते गळून जातात, कुकरची शिट्टी त्यांना सहन होत नाही, आणि पूर्वी कधीही आवाज न चढवणारा हा माणूस क्षुल्लक कारणावरून मुलीवर ओरडतो व नंतर रडत बसतो. हा आळस नव्हे, हे घरच्यांना पटवणेच मला सर्वांत जड जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अशा दुखापतीचा स्वतंत्र उल्लेख नाही. तेव्हा आपल्यापैकी कोणाला प्रमाणपत्र मिळाले असल्यास ते कोणत्या प्रकाराखाली मिळाले, आणि पुणे परिसरात स्मृती व एकाग्रतेच्या चाचण्या कोठे होतात, हे कृपया कळवावे.