दोन्ही कायनेजच, मग एकच एन्झाइम फॉस्फेट स्वतःवर का घेतं?

कुर्ल्याची_बायोकेम
एमएस्सी पार्ट २ ला आहे, नेटची तयारी पण चालू आहे. फॉस्फेट इकडून तिकडे नेणाऱ्या एन्झाइम्सपाशी येऊन गाडी अडलीय. हेक्झोकायनेज एटीपीचा फॉस्फेट थेट ग्लुकोजला देतं, आणि न्यूक्लिओसाइड डायफॉस्फेट कायनेज (एनडीपीके) मात्र आधी स्वतःच्या हिस्टिडीन या अमिनो आम्लावर घेतं आणि मग पुढे देतं. दोघंही कायनेजच ना, मग एकालाच मधला थांबा कशाला? वर क्लासच्या नोट्समध्ये पाच बंधवाल्या फॉस्फरसला पण इंटरमीडिएट लिहिलंय आणि फॉस्फोहिस्टिडीनला पण. पाठ करून मार्क मिळतील, पण मला खरंच समजून घ्यायचंय.

जुना_कालिनाकर
आधी नोट्सचं बघू. इंटरमीडिएट म्हणजे ऊर्जेच्या दोन टेकड्यांमधली दरी, क्षणभर का होईना ते तिथे टिकतं, त्यामुळे पकडता येतं. ट्रान्झिशन स्टेट म्हणजे टेकडीचं टोक, तिथे कोणी थांबत नाही. फॉस्फोहिस्टिडीन हे खरं इंटरमीडिएट, पाच बंधवाली रचना या एन्झाइम्समध्ये साधारण टोकावरचीच धरतात. नोट्समध्ये दोन्हींना एकच नाव दिलंय म्हणून तुझा गोंधळ झालाय.

आता थांबा का, तर जागेकडे बघ. एनडीपीके एटीपीचा फॉस्फेट काढून समजा जीडीपीला (ग्वानोसिन डायफॉस्फेट) देतं. देणारा आणि घेणारा दोघंही न्यूक्लिओटाइड, आणि एन्झाइमकडे खोली एकच! मग एटीपी आत येतो, फॉस्फेट हिस्टिडीनवर (माणसाच्या एन्झाइममध्ये ११८ नंबरचं) ठेवतो, एडीपी होऊन बाहेर पडतो आणि त्याच खोलीत जीडीपी येऊन तो फॉस्फेट उचलतो. हेक्झोकायनेजमध्ये ग्लुकोज आणि एटीपी शेजारी शेजारी एकाच वेळी बसतात, मग मध्ये ठेवायची गरजच काय. म्हणूनच वेगाच्या ग्राफवर (१/वेग विरुद्ध १/सब्स्ट्रेट) एनडीपीकेच्या रेषा समांतर येतात, याला पिंग-पाँग म्हणतात, आणि हेक्झोकायनेजच्या एकमेकींना छेदतात.

पण नुसत्या ग्राफवर विसंबू नकोस, खरा पुरावा छत्रीचा. मरीन ड्राइव्हला वाऱ्याने छत्री उलटी होते ना, तसं फॉस्फरसवर मागून हल्ला झाला की त्याची बाकीची तीन ऑक्सिजन उलटी वळतात. एकदा हस्तांतरण झालं तर उलटी, दोनदा झालं तर परत सुलटी. तीन ऑक्सिजन ओळखू यावीत म्हणून १६, १७ आणि १८ वजनाचे आयसोटोप लावले, जेरेमी नोल्सच्या ग्रुपने १९७८ मध्ये अल्कलाइन फॉस्फटेजवर (फॉस्फेट तोडून काढणारं एन्झाइम) हे केलं आणि छत्री सुलटी निघाली, म्हणजे मध्ये एन्झाइमच्या सेरीन या अमिनो आम्लावर एक थांबा आहे. एनडीपीकेची पण सुलटी, हेक्झोकायनेजची उलटी. मला आजही यापेक्षा सुंदर प्रयोग फार थोडे वाटतात.

चेंबूरकर_ताई
वरचं सगळं बरोबर, मी प्रयोगाच्या बाजूचं सांगते कारण पुस्तकात हे नीट येत नाही. फॉस्फेट कुठल्या अमिनो आम्लावर बसलाय त्यावर त्याचा स्वभाव ठरतो. सेरीनवरचा आम्लात टिकतो पण अल्कलीत सुटतो, हिस्टिडीनवरचा अगदी उलटा, अल्कलीत टिकतो आणि आम्लात जातो. अ‍ॅस्पार्टेटवरचा हायड्रॉक्सिलअमीन टाकलं की सुटतो, सोडियम-पोटॅशियम पंपात तोच असतो. मी पीएचडीला असताना ३२ वजनाच्या फॉस्फरसने लेबल केलेलं प्रोटीन जेलवर चालवलं आणि नेहमीच्या सवयीने अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या द्रावणात धुतलं, फिल्म कोरी. दोन महिने मला वाटत होतं एन्झाइम मेलंय, प्रत्यक्षात हिस्टिडीनवरचा फॉस्फेट मीच धुवून टाकत होते. म्हणून कोणी "आम्हाला इंटरमीडिएट दिसला नाही" लिहिलं की आधी पीएच काय होता ते बघ.

जुना_कालिनाकर
ताई, हे सांगितलंत ते फार बरं झालं. पाच बंधांचा एक किस्सा राहिला. २००३ मध्ये बीटा-फॉस्फोग्लुकोम्युटेज नावाच्या दुसऱ्या एका एन्झाइमच्या क्रिस्टलमध्ये पाच बंधवाला फॉस्फरस चक्क दिसला असा दावा 'सायन्स'मध्ये छापून आला. लगेच आक्षेप आला, कारण क्रिस्टलच्या द्रावणात मॅग्नेशियम आणि फ्लोराइड दोन्ही होते, आणि मॅग्नेशियमला तीन फ्लोराइड लागून जो आयन बनतो तो फॉस्फेटच्या सपाट पीओ३ भागासारखाच दिसतो, इलेक्ट्रॉन मोजलेस तर दोन्हीकडे ४०. एक्स-रेला फरक कळणं कठीण. २००६ मध्ये शेफील्डच्या ग्रुपने फ्लोरीनचा एनएमआर घेतला तर सिग्नल मिळाले, फ्लोराइड एन्झाइमच्या आत बसलेलं होतं. म्हणजे ते इंटरमीडिएट नव्हतंच, ट्रान्झिशन स्टेटची नक्कल होती.

कुर्ल्याची_बायोकेम
एकाच खोलीचं वाचलं आणि डोक्यात लख्ख झालं, दोघांनाही खूप खूप थँक्स. ताई, एकच विचारते, मग अल्कलाइन फॉस्फटेज फॉस्फेट शेवटी पाण्यालाच देतं ना, तर सेरीनवरून पाण्याऐवजी दुसऱ्या कोणाला देऊ शकतं का?

चेंबूरकर_ताई
देतं की! ट्रिस बफर वापरलास तर थोडा फॉस्फेट पाण्याऐवजी ट्रिसवर जातो. थांबा आहे म्हटल्यावर तिथून कोण उचलेल ते समोर कोण उभं आहे त्यावर. आपल्या लिव्हरच्या रिपोर्टमध्ये एएलपी म्हणून जो आकडा येतो तो याच एन्झाइमचा, आणि त्या टेस्टच्या द्रावणात असा घेणारा बफर मुद्दाम घालतात, त्याने रिअ‍ॅक्शनचा वेग वाढतो. प्रॅक्टिकलला दोन बफर घेऊन करून बघ, सरांना विचार, एका दुपारचं काम आहे.