सुरगाणा-पेठच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) एआयने डोळे तपासायचे का?

मखमलाबादकर:
माझं मत, मशीन बसवाच. शुगरने डोळ्याच्या आतला पडदा खराब होतो तेव्हा सुरुवातीला ना दुखत ना खुपत, दिसतंही चांगलं, आणि अंधारी यायला लागली की माणूस नाशिक गाठतो तोवर उशीर झालेला असतो. २०१६ लाच गूगलने दाखवलं की पडद्याचा फोटो बघून मशीन तज्ज्ञांच्या तोडीने सांगतं, त्यात मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय पण होतं. २०१८ ला अमेरिकेत औषधं-उपकरणं मंजूर करणाऱ्या एफडीएने तर डोळ्याच्या डॉक्टरशिवाय निकाल देणाऱ्या सिस्टीमला परवानगी दिली. आपण अजून शिबिरात चष्मे वाटतोय.

सिडकोचा ऑप्टोम:
फोटो नीट आला तर ना भाऊ! तेच गूगलचं मशीन थायलंडच्या दवाखान्यांत नेलं तर पाचात एकाहून जास्त फोटो त्याने परत केले, कारण खोलीत पुरेसा अंधारच नव्हता. इथे शुगरवाल्या आजोबांना मोतीबिंदू पण असतो, बाहुली बारीक, थेंब टाकल्याशिवाय फोटोत नुसतं धुकं. आणि पडद्याला किती सूज आहे ते साध्या फोटोवरून मोजता येत नाही, त्याला ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारं स्कॅन लागतं.

मखमलाबादकर:
धुकं आलं तर पाठवा पुढे, त्यात काय? बेंगळुरूच्या रेमिडिओचा मोबाईलवाला कॅमेरा आहे, नेट नसलं तरी फोनमध्येच निकाल देतो. सुरगाण्याला अजून काय पाहिजे?

निफाडची सून:
पुढे पाठवा म्हणणं सोपंय दादा. सासऱ्यांना चिठ्ठी मिळाली होती, पण ऑक्टोबर छाटणी चालू, बागेत मजूर, गाडी कोण काढणार? डोळ्यातलं इंजेक्शन एकदा घेऊन भागत नाही, परत परत जावं लागतं. आधी तालुक्याला लेझर आणा, मग मशीन.

सातपूरवाला:
ताई म्हणतात ते खरंय, पण चिठ्ठीच नसती तर कळलं तरी असतं का? मला भीती वेगळीच आहे. शुगरसाठी शिकवलेलं मशीन शुगरचंच बघतं. स्क्रीनवर 'नॉर्मल' आलं की आपला माणूस वर्षभर फिरकत नाही, आणि तिकडे काचबिंदू गुपचूप नस खातोय.

मखमलाबादकर:
मग रिपोर्टवर मराठीत ठळक छापा, फक्त शुगरचं तपासलंय म्हणून.

सिडकोचा ऑप्टोम:
छापा की. पण खाली सही कोणाची?