चौराई, तोतलाडोह आणि कलम १३१

काही जण म्हणतात की पेंच नदीवरच्या मध्य प्रदेशातल्या चौराई धरणामुळे नागपूरला पाणी देणाऱ्या तोतलाडोह जलाशयात पाणी कमी येतं, तर महाराष्ट्राने बेळगाव सीमाप्रश्नासारखा मध्य प्रदेशावर थेट सुप्रीम कोर्टात दावा ठोकावा. राग समजतो भाऊ. २०१९ च्या जुलैत, भर पावसाळ्यात, नागपूरकर टँकरपुढे हंडे-बादल्या घेऊन उभे होते. पण बेळगावची वाट इथे लागू नाही. २००४ चा तो दावा राज्यघटनेच्या कलम १३१ खालचा, म्हणजे राज्याराज्यांतलं भांडण थेट सुप्रीम कोर्टात. त्यात खालचं कोर्ट मध्ये येतच नाही. आंतरराज्य नदीच्या पाणीवाटपाला मात्र १९५६ चा वेगळा कायदा आहे आणि त्याच्या कलम ११ ने सुप्रीम कोर्टाचंही दार लावून घेतलंय. आधी केंद्राकडे तक्रार, बोलणी फिसकटली की लवाद. पेंच गोदावरी खोऱ्यातली, आणि गोदावरी लवादाचा निवाडा १९८० मध्येच झालाय.

कुणी केरळातल्या मुल्लपेरियार धरणाचं उदाहरण देईल. तिथे तमिळनाडूने २००६ मध्ये केरळवर कलम १३१ खालीच दावा लावला आणि २०१४ मध्ये जिंकलाही. पण भांडण वाटपाचं नव्हतं. १४२ फुटांपर्यंत पाणी साठवू न देणाऱ्या केरळच्या कायद्याचं होतं. आपण ‘जास्त पाणी द्या’ म्हणून गेलो तर पहिल्याच तारखेला कलम ११ पुढे येईल. ‘लवादात ठरलेलं पाळा’ म्हणून गेलो, तर निदान बोलायला जागा आहे. घाई मात्र नको, बेळगावचा निकाल अजून लागायचाय!